वाढलेली बांगडी

पौष लागला की मंडळाच्या मैदानाची माती उकरायची, चाळायची, भिजवायची आणि दाबून बसवायची, हे चंद्रप्रकाश आणि नलिनी या नवरा-बायकोचं ठरलेलं काम. मैदान कांजूरमार्गच्या पूर्वेला, चाळींच्या मधोमध, खाडीकडे तोंड करून पडलेलं. सगळीकडे कबड्डी मॅटवर गेली, पण मंडळाचे अध्यक्ष भाऊ यांचा हट्ट एकच, आपली स्पर्धा लाल मातीत व्हायची. वर्षभर त्या मैदानावर लग्नाचे मांडव पडत, पोरं बाटल्या फोडत, मांडववाले खिळे विसरून जात. खेळणारा तर अनवाणी खेळतो. म्हणून चंद्रप्रकाश फावड्याने माती ओढायचा आणि नलिनी चाळण हलवायची. खिळा, काच, बाटलीचं झाकण, जे वर राहील ते ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. दिवस कलेपर्यंत तिच्या भुवयासुद्धा तांबड्या व्हायच्या.

त्या सकाळी ती चाळणीवर वाकली होती तेव्हा मंडळाची पोरं बांबूंना फ्लेक्स बांधत होती. फ्लेक्सवर तिचा मुलगा सर्वेश होता. निळी जर्सी, दात आवळलेले, आणि दोन्ही हातांत समोरच्या चढाईवाल्याचं मनगट. सर्वेश डाव्या कोपऱ्याला खेळायचा. त्याच्या हातात मनगट आलं की सुटत नाही, असं पार ठाण्यापर्यंत बोललं जायचं. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्वेश, आम्ही तुझ्यासोबत.’

नलिनीनं ते वाचलं आणि पुन्हा चाळण हलवायला घेतली. तिच्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजव्या हातात खोट्या सोन्याचं एक जाड कडं तेवढं होतं. चाळणीला उजवा हात लागतो, काच टिकत नाही, असं ती विचारणाऱ्याला सांगायची.

झालं होतं ते असं. सर्वेशच्या कॉलेजात ट्रॅडिशनल डे होता. पोरं फेटे बांधून आली होती, पोरी नऊवारी नेसून, हातभर बांगड्या घालून. कार्यक्रम आटपल्यावर मागच्या जिन्यापाशी सर्वेश आणि रुचिरा नावाची त्याच्याच वर्गातली मुलगी यांची काही बोलाचाली झाली. थोड्या वेळानं ती मुलगी जिन्याच्या पायरीवर बसलेली सापडली. मनगटाचं हाड मोडलेलं, काच मांसात गेलेली. कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, पण त्यात फक्त सर्वेशची पाठ दिसत होती, चालत निघालेली, आणि मागे कुणाचं तरी रडणं. सर्वेशचं म्हणणं, नऊवारीचा काष्टा पायात आला आणि ती पायरीवर पडली. रुचिराचं म्हणणं, तुला यापुढे भेटणार नाही असं मी सांगितलं आणि त्यानं माझा हात पिरगाळला. कॉलेजनं चौकशी संपेपर्यंत त्याला संघातून बाजूला केलं. पोलिसांनी बोलावून जबाब घेतला आणि घरी पाठवलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. टीव्हीवर चार चौकोनांत चार माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होती. कॉलेजच्या फाटकाशी मुली पाट्या घेऊन बसल्या. इकडे मंडळाच्या पोरांनी त्याचा फोटो आपापल्या फोनवर लावला. नळावर बाया दोन बाजूंना झाल्या. एक म्हणायची, माझ्या पोरीला असं केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. दुसरी म्हणायची, एवढी वर्षं बघतोय त्याला, मान वर करून बोलला नाही कधी. नलिनी हंडा घेऊन आली की दोन्ही बाजू गप्प व्हायच्या आणि तिचा नंबर नसताना तिला पुढे सोडायच्या. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

भाऊ दुपारी मैदानावर आले. पांढरा शर्ट, पायात चामड्याच्या चपला. चपला त्यांनी मैदानाबाहेर काढल्या, कारण माती उकरलेली असली तरी मैदान ते मैदान. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. मग चंद्रप्रकाशला म्हणाले की घाबरू नकोस, कॉलेजनं काढला तर काढू दे, आपल्या स्पर्धेत तो आपल्या मंडळाकडून खेळणार. एका बँकेच्या संघाची माणसं बघायला येणार आहेत. त्यांच्या डोळ्यात भरला की खेळाडू म्हणून नोकरी पक्की.

चंद्रप्रकाशनं फावडं टेकवलं आणि हात जोडले. भाऊ गेल्यावर नलिनीकडे न बघता मालवणीत म्हणाला, “त्या चेडवाक नऊवारीची सवय खंय आसतली. पडला आसतला.”

नलिनीच्या चाळणीत हिरव्या बांगडीचा एक तुकडा राहिला होता. तिचाच असेल नाहीतर मांडवातल्या कुणा बाईचा. तिनं तो डब्यात टाकला. डब्यात खूप वेळ काहीतरी वाजत राहिल्यासारखं तिला वाटलं.

घर म्हणजे एक खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. चंद्रप्रकाशचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर परळची खोली सोडून इथं आले आणि इथंच वारले. चंद्रप्रकाश एका टॉवरमध्ये पाण्याचे पंप चालू-बंद करायचा. एरवी दिवसभर घर रिकामं असायचं. आता सर्वेश घरातच होता. खाटेवर पाय पसरून बसायचा आणि मुठीत दाबायची लोखंडी स्प्रिंग दाबत राहायचा. कर्र, कर्र. भाकरी थापताना नलिनीच्या पाठीमागे तो आवाज चालू असायचा. आवाज थांबला की ती वळून बघायची.

लहान होता तेव्हा तो म्हणायचा, आई, चढाई कर. मग ती पदर खोचून मोरीपासून खाटेपर्यंत कबड्डी कबड्डी म्हणत यायची आणि तो तिच्या घोट्याला मिठी मारायचा. चंद्रप्रकाश टाळ्या पिटायचा. उंची वाढली तशी पकड घोट्यावरून मनगटावर आली. पुढे कबड्डी म्हणणं सुटलं, पकड तेवढी उरली. जेवायला उशीर झाला म्हणून. फोन कुणाचा होता असं विचारलं म्हणून. धाकट्या बहिणीला, श्रुतिकाला, ओरडू नकोस म्हटलं म्हणून. तो हसतच धरायचा, सोडव म्हणायचा, आणि ती सोडवायला गेली की आणखी आवळायचा. बांगड्या कडकड जायच्या. नंतर तोच वाटीत हळद गरम करून आणायचा, तिच्या मनगटाला लावायचा आणि म्हणायचा, आई, तुझी हाडं चिमणीची आहेत यार. चंद्रप्रकाश घरात असला तर टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मैदानावरून आली त्या संध्याकाळी ती त्याला एवढंच म्हणाली की त्या मुलीला बघायला तरी जाऊन ये, माणुसकी म्हणून. स्प्रिंगचा आवाज थांबला.

“कशाला?” सर्वेश म्हणाला. “पडली ती. मी काय तिची साडी धरून चालू होतो?”

पोटमाळ्यावर श्रुतिका अभ्यास करत होती. अकरावीला होती. तिचा पाय शिडीवरून खाली लोंबत होता, तो तिनं हळूच वर घेतला. नलिनीनं भाकरी उलटली. थोड्या वेळानं कर्र कर्र पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ती आयरीनकडे भाजीला गेली. आयरीन गावठाणातली, जुन्या इस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली. घराच्या मागे तिचा एक तुकडा होता, तिथं ती मुळा, माठ, आंबाडी लावायची. लग्न होऊन नलिनी कांजूरला आली तेव्हापासूनची ओळख. आयरीन फ्रॉकवर जुना शर्ट घालून वाफ्यात बसली होती. मुळ्याची जुडी बांधून तिनं हातात दिली आणि हात सोडला नाही. कडं वर सरकवलं. खाली पिवळं पडत चाललेलं, जुनं काळंनिळं होतं आणि त्याच्या कडेनं बारीक खपल्या.

“फुटली काय परत?”

“असं बोलू नये गं,” नलिनी म्हणाली. “वाढली.”

सासूनं तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. फुटते ती नवरा गेल्यावर. तोंडातून चुकून शब्द गेला तर सासू तिला देवापाशी साखर ठेवायला लावायची.

आयरीन म्हणाली की आमच्यात काच फुटली की फुटली बोलतात, देव काय रागावत नाय. मग मुळ्याच्या पाल्यावरची माती झटकत, खाली बघूनच म्हणाली, “वाढली वाढली बोलतेस इतकी वर्षं. काय वाढत गेलंय, ते बघ ना एकदा.”

नलिनीनं कडं खाली ओढलं. जुडी पिशवीत घातली. वाटेत वारा फिरला आणि खाडीकडच्या डम्पिंग ग्राउंडचा तो गोडसर कुजका वास चाळींवर आला. बाया पटापट खिडक्या लावायला लागल्या.

संक्रांतीच्या आधी कासारीण चाळीत आली. नलिनीनं श्रुतिकाला हातभर बांगड्या भरून घेतल्या, लाल आणि काळ्या. स्वतः डाव्या हातात नव्या हिरव्या भरल्या. कासारणीनं सवयीनं उजवा हात ओढला, कडं बघितलं आणि सोडून दिला. काही न विचारता सोडला, हेच नलिनीच्या मनात राहिलं.

त्याच दिवशी रुचिराच्या बोलण्याचं चित्रण फोनफोनवर आलं. भांडुपला तिचं घर. घरातल्या भिंतीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये, केस विंचरलेले. रडत नव्हती. श्रुतिकानं नलिनीला मोरीपाशी बोलावून, नळ चालू ठेवून ते ऐकवलं.

“मी पडले नाही,” ती मुलगी म्हणत होती. “ज्यांना खोटं वाटतं त्यांनी त्याच्या आईचा हात बघा. गणपतीत मी त्यांच्या घरी गेले होते. त्या मोदक वळत होत्या. मी विचारलं, काकू, हे काय झालं. त्या म्हणाल्या, बांगडी वाढली. मला तेव्हा कळलं नाही.”

नलिनीला ती आठवली. उकड मळायला बसलेली, कळ्या पाडता येत नाहीत म्हणून हसणारी. नलिनीनं तिच्या हातावर हात ठेवून कळी कशी काढायची ते दाखवलं होतं. जाताना पाया पडली होती. नलिनीच्या मनात आलं होतं, ही सून म्हणून आली तर घर हसेल.

नळ वाहत राहिला. बादली भरून पाणी मोरीच्या कठड्यावरून खोलीत आलं तेव्हा तिनं तो बंद केला.

आता सगळ्यांना तिचा हात बघायचा होता. टीव्हीवरच्या चार चौकोनांत कुणी म्हणालं, आईला समोर आणा. कुणी म्हणालं, आईला यात ओढणं हा निर्लज्जपणा आहे. पिशवी घेऊन ती दुकानात गेली की दुकानदाराची नजर आधी तिच्या हातावर जायची, मग तोंडावर. एक चॅनलची मुलगी चाळीच्या तोंडाशी माइक घेऊन उभी राहिली. नलिनी पदराखाली हात घेऊन मागच्या गटारावरून घरी आली. हळदीकुंकवाला तिनं नळावरच्या बायांना बोलावलं होतं. आल्या त्या उभ्या उभ्या तीळगूळ घेऊन गेल्या. बऱ्याच आल्याच नाहीत. वाण म्हणून मांडलेल्या प्लास्टिकच्या गाळण्या तशाच राहिल्या.

भाऊ घरी आले. चहा घेतला. खाटेवर सर्वेशच्या बाजूला बसून त्याच्या मांडीवर हात ठेवला. स्पर्धेच्या उद्‍घाटनाला चॅनलवाले येणार, बँकेची माणसं येणार, अख्खी वस्ती येणार. तिथं वहिनींनी बोलायचं.

“दोनच वाक्यं, वहिनी,” भाऊ म्हणाले. “माती चाळता चाळता बांगड्या वाढतात. माझ्या मुलाचा काही संबंध नाही. बस. आईनं सांगितल्यावर पुढे कोण बोलणार?”

चंद्रप्रकाश दाराशी उभा होता. तो म्हणाला, बोलेल ती. भाऊंनी नलिनीकडे बघितलं. ती कपबशा उचलत होती. तिनं मान हलवली की नाही हे तिलाही कळलं नाही, पण भाऊंनी ती हलली असं धरलं आणि उठले. सर्वेशनं वाकून त्यांना नमस्कार केला. मग आईच्या पाया पडला. तिच्या पावलांवर त्याचे तळवे थोडा जास्त वेळ राहिले, आणि तेवढा वेळ ती हलली नाही.

भाऊ गेल्यावर तो म्हणाला, “आई, म्हणून दाखव ना एकदा.”

तिनं म्हणून दाखवलं. संबंध नाही म्हणताना अडखळली. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. न चुकता आलं तेव्हा चंद्रप्रकाशनं टीव्ही लावला.

उद्‍घाटनाच्या आदल्या दिवशी मातीवर पाणी मारायचं होतं. पाणी सारखं पडलं नाही तर एकीकडे चिखल होतो आणि एकीकडे धूळ उडते, म्हणून चंद्रप्रकाश पाइप धरून उलटा उलटा चालायचा आणि नलिनी मागून पायानं दाबत यायची. तळवे एकाला एक लावून, कडेपासून मधोमध. दोन घास खाऊन येते सांगून ती दुपारी घरी आली. दार लोटलेलं होतं. आतून स्प्रिंगचा आवाज येत नव्हता.

सर्वेश आरशासमोर केसांना पाणी लावत होता. त्याच्या हातात श्रुतिकाचा फोन होता. श्रुतिका जमिनीवर उकिडवी बसून केरसुणीनं काच गोळा करत होती. लाल आणि काळी. डाव्या हातानं झाडत होती. उजवा पोटाशी धरला होता.

सर्वेश म्हणाला की काही नाही, रुचिराचा मेसेज आला होता हिला, बघू म्हटलं तर देत नव्हती, गंमत केली जरा. फोन त्यानं खाटेवर टाकला आणि सरावाला निघून गेला. जाताना मोरीपाशी पडलेला एक काचेचा तुकडा पायानं बाजूला सारला.

नलिनी लेकीसमोर बसली. श्रुतिकानं वर बघितलं नाही.

“काही नाही गं आई,” ती म्हणाली. “वाढली.”

आवाज नलिनीचाच होता. तोच उतार, शेवटी तसंच थोडं हसणं. लेकीचा हात पोटापासून ओढून घेऊन बघावा असं नलिनीला वाटलं. हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला, कारण तीही मनगटच धरायला निघाली होती.

तिनं केरसुणी घेतली आणि उरलेली काच गोळा केली. कचऱ्यात टाकली नाही. कागदात बांधून पदराला गाठ मारली. मग मैदानावर जाऊन उरलेली माती दाबली. चंद्रप्रकाश म्हणाला, उशीर केलास. ती हो म्हणाली.

उद्‍घाटन दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर होतं. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. रेघा पडल्या की मग मैदानात फक्त खेळाडूंनी पाय टाकायचा. इतकी वर्षं माती चाळून दाबून नलिनीनं रेघ पडल्यानंतर कधी आत पाय टाकला नव्हता. ती आणि श्रुतिका स्टेजच्या बाजूला उभ्या राहिल्या. समोर अर्ध्या वस्तीची माणसं, तिसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या भरलेल्या, कंपाउंडवर पोरं. मागे कुठंतरी कॉलेजच्या दोन-तीन मुली पाटी छातीशी उलटी धरून उभ्या होत्या. कॅमेरे लागले होते. आयरीन फाटकापाशी होती, भाजीची टोपली घेऊनच आलेली.

मंडळाचा संघ मैदानात उतरला. सर्वेश डाव्या कोपऱ्याला गेला, वाकला, माती कपाळाला लावली. टाळ्या पडल्या. गॅलरीतून कुणीतरी पकड पकड असं ओरडलं आणि सगळे हसले.

माइकवरचा माणूस म्हणाला, आता भाऊंच्या हस्ते नारळ वाढवण्यात येईल. भाऊंनी मधल्या रेघेपाशी ठेवलेल्या दगडावर नारळ आपटला. दोन भकलं झाली. पाणी लाल मातीत गेलं आणि तिथं काळा डाग पडला.

मग भाऊ माइकवर आले. आपल्या वस्तीची बदनामी कशी चालली आहे, एका पोराचं आयुष्य कसं धुळीला मिळवलं जातंय, हे त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले की ज्या माउलीचं नाव घेऊन हे केलं, ती माउली इथं आहे आणि ती स्वतः बोलेल. कॅमेरे वळले. नलिनीच्या हातात माइक आला. तो गरम होता, भाऊंच्या हातानं घामट झालेला.

वारा पडला होता. आता फिरला. तोच वास खाडीकडून आला, पण कुणी नाकाला पदर लावला नाही.

“माती चाळताना,” ती म्हणाली आणि तिचाच आवाज तिला चाळीच्या भिंतींवरून परत ऐकू आला. ती थांबली. सर्वेश तिच्याकडे बघत होता. गुडघे वाकवून, हात थोडे पुढे, खेळ सुरू व्हायच्या आधी उभा राहायचा तसाच.

“माती चाळताना काच डब्यात टाकते मी. आज बरोबर आणलीय.” तिनं पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, सोडवायला वेळ लागला. “नारळ वाढतो, बांगडी वाढते, अशी बोलायची रीत आहे. मी पण तसंच बोलले. माझ्या हातातल्या वाढल्या नाहीत. सर्वेशनं फोडल्या. त्या पोरीच्याही फोडल्या असणार. ह्या श्रुतिकाच्या आहेत. कालच्या.”

पुढचे शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत, कारण मंडळाच्या एका पोरानं माइकची वायर काढली होती. तिनं माइक स्टेजवर ठेवला. कडं मनगटावरून काढून त्याच्या शेजारी ठेवलं. उजवा हात उघडा पडला. पुढच्या रांगेतल्या बायांनी तो बघितला आणि एकीनं दुसरीचा खांदा धरला.

मग आवाज झाला. सगळीकडून एकदम झाला, त्यात शिव्या किती आणि दुसरं काय ते कळत नव्हतं. कुणी म्हणालं, पढवलीय तिला. कुणी म्हणालं, आई आहे का कोण आहे. कॉलेजच्या मुलींनी पाटी सुलट केली आणि त्यांच्या अंगावर पाण्याची बाटली येऊन पडली. स्टेजच्या पायऱ्यांवर मंडळाची पोरं गर्दी करून उभी राहिली. जायला वाट नव्हती.

नलिनीनं श्रुतिकाचा हात घेतला. मनगटाला नाही, बोटांना धरलं. चपला काढून हातात घेतल्या आणि ती मैदानात उतरली. रेघ ओलांडली. ओल्या मातीत दोघींचे पाय उमटत गेले. आठवडाभर दाबून बसवलेली माती ती, तिच्या पायाखाली लोण्यासारखी दबत होती. खेळाडू बाजूला झाले. डाव्या कोपऱ्यातून सर्वेश दोन पावलं पुढे आला आणि थांबला. एवढी माणसं होती म्हणून थांबला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. चढाईवाला कुठल्या बाजूनं परत फिरणार हे तो जसं बघायचा तसं तो आईकडे बघत होता, न घाई करता.

पलीकडच्या रेघेवर चंद्रप्रकाश पाइप घेऊन उभा होता. पाइपातून थेंब थेंब पाणी त्याच्या पायावर गळत होतं. ती जवळ आली तेव्हा त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं. ओठ न हलवता बोलला.

“आज घराक येव नकात.”

धमकी नव्हती ती. त्याच्याच्यानं होण्यासारखं तेवढंच होतं. एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज न वाढवता काही सांगितलं होतं. ती पुढे गेली.

फाटकाशी आयरीननं टोपली खाली ठेवली आणि दोघींना बाहेर जायला फाटक धरलं. पोलीस चौकीपर्यंत मी येते, म्हणाली. भाजीची टोपली तिथंच राहिली.

तिघी रस्त्याला लागल्या. श्रुतिकाची बोटं थंड होती. मागे लाऊडस्पीकर पुन्हा सुरू झाला. पहिल्या सामन्यासाठी दोन्ही संघांची नावं एक एक करून पुकारली जाऊ लागली. डाव्या कोपऱ्याचं नाव आलं तेव्हा क्षणभर शांतता पडली. मग एकानं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि हळूहळू सगळं मैदान वाजायला लागलं. नलिनीची पावलं जड झाली, पण थांबली नाहीत. मागे वळून बघितलं तर आपण परत जाऊ असं तिला वाटलं.

पुलाखाली आल्यावर श्रुतिकानं विचारलं, “तिथं काय सांगायचं? फुटली म्हणू?”

“नाही,” नलिनी म्हणाली. “आपोआप फुटतं ते फुटतं.”

टाळ्या अजून ऐकू येत होत्या. मुलीनं ओठांतल्या ओठांत शब्द जुळवून बघितला, नवीन पाठ करतात तसा.

“फोडली,” ती म्हणाली.